डाव्या हाताचा कोपरा

गुरुवारी संध्याकाळी ग्वोझ्देन गोलच्या मागे बादली उपडी घालून जाळी शिवायला बसला आणि तिथंच त्याच्या जिवाला घोर लागला.

रविवारी फुटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना होता. सामन्याआधी लीगचा तपासनीस येतो, जाळीत हात घालून बघतो, आणि भोक सापडलं की वर्गात कुणीतरी बाक मोडल्यासारखा चेहरा करतो. तो चेहरा बघायची ग्वोझ्देनची इच्छा नव्हती. म्हणून सुतळीचा गुंडा आणि पोती शिवायचा दाभण घेऊन तो आला होता. गोलमध्ये उभं राहिलं की डाव्या हाताला येणारा खालचा कोपरा फाटला होता. तो नेहमी तिथंच फाटायचा. आता तर त्याची गोधडीच झाली होती. निळी दोरी, पांढरी दोरी, रास्पबेरीचे क्रेट बांधायची प्लास्टिकची पट्टी, एका ठिकाणी चक्क बुटाची नाडी. सगळ्या गाठी त्याच्याच हातच्या. त्यानं जाळी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणखी एक गाठ मारली, आणि आलोच आहोत तर दुसराही कोपरा बघून घ्यावा म्हणून खांबाला धरून उठला.

दुसऱ्या कोपऱ्यात एकही गाठ नव्हती. जाळी कारखान्यातून आली तशीच होती, आणि तिच्यात एका कोळ्यानं निवांत संसार थाटला होता.

ग्वोझ्देन त्या कोळ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

हा गोल नदीकडच्या बाजूचा. सराव याच गोलवर व्हायचा, आणि सरावातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे एकास एक. फॉरवर्ड अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन सुटते, मागे एक बचाववाली धावत असते, समोर फक्त गोलकीपर. मुलींच्या या संघाचा कोच म्हणून ग्वोझ्देननं आयुष्यात दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं. आणि त्याचा एक नियम होता. या सरावात संघाची खरी गोलकीपर उभी करायची नाही. रोज रोज आपल्याच मैत्रिणींकडून गोल खाणारी गोलकीपर म्हणजे घाबरलेली कोंबडी, तिच्या हातून पुढं काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून गोलमध्ये तो स्वतः उभा राहायचा. तरुणपणी तो याच मैदानावरचा गोलकीपर होता. लोक लांबून बघायला यायचे.

पण त्याचा डावा खुबा कामातून गेला होता. उजवीकडे तो अजून झेप घ्यायचा, पडायचा, मग खांब धरून, ओठ दाबून, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करत उठायचा. डावीकडे त्याला पडताच येत नव्हतं. चेंडू तिकडे गेला की तो मान वळवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "शाब्बास! याला म्हणतात कोपरा!" इतक्या सफाईनं म्हणायचा की आपण तिकडे गेलो नाही हे कुणाला कळतच नसेल अशी त्याची समजूत होती. खुब्याबद्दल कुणी विचारलंच तर तो सांगायचा, बसच्या खिडकीतून वारा लागला होता एकदा. आमच्याकडे वाऱ्याच्या झोतानं माणसाला काहीही होऊ शकतं. दात दुखतो, तोंड वाकडं होतं, नोकरी जाते. वाऱ्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

आणि आता जाळी सांगत होती की त्याच्या पोरी वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात मारत आल्या होत्या.

"गाढवा," तो स्वतःला म्हणाला. "तू त्यांना गोल करायला नाही शिकवलंस. तू त्यांना तुझ्यावर गोल करायला शिकवलंस."

एरवी त्यानं हे राकिया दारूच्या एका पेल्यासोबत गिळून टाकलं असतं. पण रविवारी स्लोव्हेनियाहून दोन माणसं दुन्याला बघायला येणार होती.

दुन्या वीस वर्षांची. हिवाळाभर कोल्ड स्टोरेजमध्ये गोठलेल्या रास्पबेरी निवडायची, बोटं लाल आणि बधिर करून घ्यायची, आणि तिथून थेट मैदानावर यायची. तिच्या आईनं, ओलिवेरानं, निक्षून सांगितलं होतं की हा हंगाम शेवटचा. सोमवारपासून कोल्ड स्टोरेजमध्ये कायमची पाळी, चेंडूबिंडू बंद. मग कुणीतरी दुन्याचा व्हिडिओ स्लोव्हेनियातल्या एका मोठ्या क्लबला पाठवला आणि तिकडून उत्तर आलं, मुलगी पळते छान, पण गोलकीपरसमोर एकटी पडल्यावर काय करते ते आम्हाला डोळ्यांनी बघायचंय. ओलिवेरा म्हणाली, ठीक आहे, रविवारी काय ते होऊन जाऊ दे. नेलं तर जा. नाही नेलं तर पाळी.

यापेक्षा वाईट एक गोष्ट होती. समोरच्या संघाची गोलकीपर सेंका होती.

सेंका याच मैदानावर वाढलेली. दहा वर्षांची असल्यापासून ती या गोलच्या मागे उभी राहून चेंडू गोळा करायची आणि ग्वोझ्देन कसा उभा राहतो ते बघायची. मोठी झाल्यावर एका रागाच्या दिवशी ग्वोझ्देन तिला म्हणाला होता, तू गोलकीपर व्हायला बुटकी आहेस, सेंका, देवानं तुला फुलं विकायला पाठवलंय. ती पुढच्या हंगामात शेजारच्या गावच्या क्लबात गेली आणि तिथं भिंतीसारखी उभी राहिली. या जाळीतल्या गाठी तिच्या डोळ्यांदेखत पडल्या होत्या. तिला सगळं ठाऊक असणार.

घरी त्याला जेवण जाईना. बायकोनं, स्तामेंकानं, पुढ्यात ठेवलेलं बीनचं कालवण तो नुसतं ढवळत बसला.

"काय झालं? पुन्हा वारा लागला?" स्तामेंकानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्याचा चमचा असा वाजत नसतो. दुन्याचं आहे ना?"

त्यानं जाळीचं सांगितलं. खुब्याचं शब्दानं काढलं नाही. स्तामेंकानंही काढलं नाही. तिनं फक्त पाव तोडून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग सांग की पोरीला. दुसऱ्या बाजूला मार म्हणावं. एवढं काय त्यात?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"चाळीस वर्षं तुझे मोजे धुतेय. थोडं कळतं."

पण यात तिला खरंच कळत नव्हतं. गोलकीपरसमोर एकटी पडलेली पोर म्हणजे एका श्वासाचा खेळ. तेवढ्यात तिच्या डोक्यात एक गोष्ट असेल तर पाय चालतात; दोन असल्या तर एकमेकांत अडकतात. मागे यागोदा नावाच्या चांगल्या फॉरवर्डला त्यानं सामन्याच्या सकाळी सांगितलं होतं, मारण्याआधी कोपऱ्याकडे बघू नकोस. पोरीनं कोपऱ्याकडे न बघण्याचा इतका विचार केला की तिनं चेंडूच्या आधी जमिनीलाच लाथ घातली आणि अंगठा मोडून घेतला. आज ती केशकर्तनालय चालवते आणि ग्वोझ्देनचे केस कापताना अजून तो विषय काढते.

सांगावं तर दुन्या विचार करणार. न सांगावं तर सेंका तिथं आधीच जाऊन बसलेली असणार. इकडे आड, तिकडे विहीर. रात्रभर त्यानं उजव्या कुशीवर तळमळत काढली. डाव्या कुशीवर वळायची सोय नव्हतीच.

शुक्रवारी सकाळी तो बुरेक आणायला बेकरीत गेला, तर रांगेत पुढं सेंका. आईकडे आली होती. तिनं रीतीप्रमाणे त्याच्या गालांचे तीन मुके घेतले आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याला वाटलं, नजर खुब्यावर जरा जास्तच रेंगाळली.

"काय काका, वारा काय म्हणतो?"

"वारा वाहतो. तुझं काय?"

"माझं बरं चाललंय. फुलं मात्र विकत नाही अजून." ती हसली. हसण्यात विष होतं की नुसतंच हसणं होतं, हे त्याला काही केल्या कळेना. "दुन्याला बघायला पाहुणे येणार म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"गाव आहे, काका. इथं कोंबडीनं अंडं दिलं तरी मला तिकडे कळतं." तिनं आपला बुरेक घेतला. "सांगा तिला, झोप नीट घे म्हणावं. मी तिला काही फुकट देणार नाहीये."

"मी कुठं मागितलंय!"

"तुम्ही कधीच काही मागत नाही. तोच तर तुमचा त्रास आहे," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

बुरेक हातात गार झाला तरी ग्वोझ्देन बेकरीच्या दारात उभा होता. 'काही फुकट देणार नाही' म्हणजे काय? म्हणजे तिला कोपरा माहीत आहे. तिनं तोंडावर सांगितलं की! आणि 'तुमचा त्रास' म्हणजे काय? त्यानं ती दोन वाक्यं दिवसभर चघळली. दुपारी त्याच्या छातीत धडधडायला लागलं तेव्हा स्तामेंकानं घरातल्या सगळ्या खिडक्या बंद केल्या.

संध्याकाळपर्यंत त्यानं ठरवलं. बोलायचं नाही. करून दाखवायचं. शनिवारच्या हलक्या सरावाला तो डावीकडे पडणार होता. दुन्याचा कोपरा तिच्या तोंडावर बंद करणार होता. एकदा तिथं भिंत लागली की पोर आपोआप दुसरी वाट शोधेल, आणि जी वाट पाय शोधतात ती डोक्याला सांगावी लागत नाही. खुब्याचं काय होईल ते होईल.

शनिवारी त्यानं बाकीच्या मुलींना लवकर घरी पाठवलं आणि दुन्याला थांबवून घेतलं. ऊन उतरलं होतं. नदीवरून गार हवा येत होती. ग्वोझ्देननं हातमोजे घातले. एवढ्या तेवढ्या सरावाला तो कधी घाबरला नव्हता. आज मात्र हातमोज्यांचे पट्टे त्यानं दोनदा आवळले.

"नेहमीसारखं," तो ओरडला. "डोकं वर. शेवटचा स्पर्श लांब नको. कीपरचे गुडघे बघ. कीपर तोंडानं खोटं बोलतो, गुडघ्यानं नाही. ज्या बाजूला पडणार तो गुडघा आधी वाकतो."

हे तो प्रत्येक पोरीला प्रत्येक सरावाला सांगायचा. आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं की सांगून काही उपयोगच नव्हता. त्याचा डावा गुडघा कधी वाकतच नव्हता, तर पोरींनी बघायचं काय? शब्द एक शिकवत होते, शरीर भलतंच.

दुन्या सुटली. मोठी सुंदर धावायची ती, चेंडू पायाला बांधल्यासारखी. बॉक्सच्या रेषेवर आली, मान वर केली की न केली, आणि मारला. त्याच कोपऱ्यात, गवताला घासत.

ग्वोझ्देन डावीकडे पडला.

चेंडू त्याच्या मनगटावर आदळून बाहेर गेला. ते त्याला आवाजावरून कळलं. कारण खुब्यात जो वणवा पेटला त्यानं डोळ्यांपुढं अंधारी आली होती. तोंडात माती गेली होती. उठायला खांब कुठल्या बाजूला आहे हेच त्याला समजेना.

"काका!" दुन्या धावत आली आणि गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? त्या बाजूला पडायचं नसतं!"

"कुणी सांगितलं?"

ती त्याच्या बाहीवरची माती झटकू लागली.

"दुन्या, कुणी सांगितलं की मी त्या बाजूला पडायचं नसतं?"

"कुणी म्हणजे... सगळ्यांनाच माहीत आहे."

"म्हणजे चलाखी," तो माती थुंकत म्हणाला. त्याला राग आला होता, आणि रागानं थोडं बरं वाटत होतं. "म्हाताऱ्याची लंगडी बाजू हेरली आणि रोज तिथं मारत बसलात. फुकटचे गोल! वा!"

"चलाखी नाही हो." दुन्याचे डोळे भरून आले. "उजवीकडे मारलं की तुम्ही पडता. आणि मग उठताना तुमचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसतो. नाडी बांधता ना तुम्ही? सुटलेली नसते ती कधी. डावीकडे मारलं की तुम्ही नुसती मान वळवता. शाब्बास म्हणता. कुणाला काही होत नाही. मी नवीन होते तेव्हा मला मोठ्या मुलींनी सांगितलं, काकांच्या डाव्या हाताला मारायचं, त्यांना पाडायचं नाही. मी पुढच्यांना सांगितलं. असंच चालत आलंय."

"कुणापासून?"

"सेंकापासून. ती गोलच्या मागे उभी असायची ना, तिला तुमचं कण्हणं ऐकू यायचं. तिनंच नियम घातला."

ग्वोझ्देन पाठीवर पडून राहिला. त्याला वाटलं होतं, आपण सगळ्यांना फसवलं. आणि इथं एकामागून एक आलेल्या पोरी त्याला सांभाळत होत्या, घरातल्या कपाटावर ठेवलेल्या चिनीमातीच्या कपासारखं. इतकी लाज त्याला गोल खाताना कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, ऊबदार, पण ते तपासायला आज वेळ नव्हता. कारण लगेच भीती परत आली, आधीपेक्षा मोठी. पोरीच्या पायांत चलाखी असती तर ती बदलता आली असती. ही दया होती. दया सहजी निघत नाही.

"उठव मला," तो म्हणाला.

"घरी जाऊ या."

"उठव म्हणतो. आणि चेंडू घेऊन मागे जा."

"मी नाही मारणार!"

"मारणार नाहीस?" त्यानं खांब धरला. "मग ऐक. उद्या तो नियम घालणारीच तुझ्यासमोर उभी असेल. तू डावीकडे मारणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? उद्या गोलमध्ये मी नसेन, दुन्या. सवयीनं मला वाचवायला जाशील आणि स्वतः बुडशील. सोमवारी रास्पबेरी निवडताना मला आठव म्हणजे झालं."

तिनं हातानं नाक पुसलं. मागे गेली. सुटली. रडतच धावत होती. ग्वोझ्देनचा गुडघा वाकला, आणि तिनं या वेळी तो पाहिला. चेंडू कोळ्याच्या कोपऱ्यात गेला. ग्वोझ्देन उलट्या बाजूला, डाव्या खुब्यावर.

"पुन्हा!" जमिनीवरून आवाज आला.

"काका, पुरे ना..."

"पुन्हा, म्हणतो मी! आणि रडणं बंद, चेंडू दिसत नाही त्यानं!"

किती वेळा ते दोघांनीही मोजलं नाही. कधी तो डावीकडे गेला, कधी उजवीकडे, आणि ती प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणापर्यंत त्याचे गुडघे बघायला लागली. शेवटच्या खेपेला तो पडला आणि उठलाच नाही. ओठ निळे पडले होते. दुन्यानं त्याला पाठीवर टाकून घरी नेलं, तेव्हा स्तामेंकानं दोघांना मिळून इतक्या शिव्या घातल्या की शेजारी खिडकीत आले.

रविवारी तो सासऱ्याची जुनी काठी घेऊन निघाला. काम पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून स्तामेंकानं उंबऱ्यातून त्याच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं. पाणी त्याच्या काठीखाली गेलं आणि तो तिथंच घसरता घसरता राहिला.

"शकुन झाला," तो म्हणाला.

"चालायला लाग," ती म्हणाली.

मैदानाच्या कडेला त्याला स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून दिली होती. पाहुणे लाकडी बाकांवर वरच्या रांगेत बसले होते. एक बाई, केस आखूड कापलेले, आणि एक पुरुष, मांडीवर थर्मास. ओलिवेरा त्यांच्यापासून लांब, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती. तिनं ग्वोझ्देनकडे बघून मानही हलवली नाही. नदीकडच्या गोलमध्ये सेंका उभी होती. तिनं आधी खांबांना हात लावला आणि मग वाकून डाव्या कोपऱ्यातल्या गाठींवरून बोटं फिरवली. 

पहिली संधी मध्यंतराच्या जरा आधी आली. दुन्या दोघींच्या मधून निसटली आणि समोर सेंका एकटी. ग्वोझ्देननं काठी घट्ट धरली. गुडघे, तो मनात म्हणाला, गुडघे, गुडघे. पण गर्दी ओरडली, मागून बचाववालीची पावलं आली, दुन्या दचकली आणि पायांनी जुनी वाट धरली. चेंडू डाव्या हाताच्या कोपऱ्याकडे गेला. सेंका चेंडूच्या आधी तिथं होती. तिनं तो नुसता उचलला, जमिनीवर पडलेला रुमाल उचलावा तसा.

वरच्या रांगेत पुरुषानं थर्मासचं झाकण काढलं, कॉफी ओतली आणि घड्याळ बघितलं. बाई त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. ग्वोझ्देनला वाटलं, संपलं. आपणच संपवलं. एका लंगड्या खुब्यापायी, एका खोट्या वाऱ्यापायी, या पोरीचं आयुष्य आपण त्या थंडगार खोलीत कोंडलं.

मध्यंतरात दुन्या डोक्यावर टॉवेल घेऊन त्याच्या खुर्चीजवळ गवतात बसली. त्याच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. घाई केलीस. सेंका आधीच झुकली होती. थांब, तिला आधी हलू दे. त्यानं तोंड उघडलं, यागोदाचा मोडलेला अंगठा आठवला, आणि मिटलं.

"काका, बोला ना काहीतरी," टॉवेलच्या आतून आवाज आला.

"पाणी पी," तो म्हणाला.

त्याहून कठीण वाक्य त्यानं उभ्या जन्मात उच्चारलं नसेल.

उत्तरार्धात मैदानाची बाजू बदलली आणि सेंका पलीकडच्या गोलमध्ये गेली. तिथं गाठी नव्हत्या, पण त्यानं काय होणार, सेंकाच्या डोक्यात होत्याच की. वेळ सरत चालला. दुन्याकडे चेंडू येईना. आला की दोघी तिच्यावर तुटून पडत. थर्मास पिशवीत गेला. पुरुष उठला, पँटवरचा कचरा झटकला, बाईला हातानं खूण केली. ग्वोझ्देन सामना बघायचा सोडून त्या पुरुषाकडेच बघत होता. म्हणून चेंडू कुठून आला ते त्याला दिसलं नाही. फक्त गर्दीचा आवाज अचानक वर गेला, आणि त्यानं मान वळवली तेव्हा दुन्या एकटी सुटलेली होती.

सेंका पुढं आली. हात पसरून, अंग झुकवून, चेंडू मारायची जागा कमी करत. तिला हे कुणी शिकवलं होतं ते ग्वोझ्देनला चांगलं ठाऊक होतं.

"मार!" अख्खं मैदान ओरडलं. "मार गं!"

दुन्या मारेना. ती चक्क हळू झाली. मागून बचाववाली जवळ येत होती. ग्वोझ्देनचाही धीर सुटला. मार, बाई, मार आता, असं त्याच्याही तोंडून निघून गेलं. पण ती बघत होती. मान खाली, नजर पुढं, सेंकाच्या पायांवर. थांबली. आणखी थांबली. सेंकाच्यानं राहवेना. सगळ्या जुन्या पोरींचा कोपरा तिला बोलावत होता. तिचा डावा गुडघा वाकला.

दुन्यानं चेंडू दुसऱ्या बाजूनं, बुटाच्या आतल्या अंगानं, हलकेच ढकलला. तो लोळत, अगदी सावकाश, खांबाच्या आत गेला.

ग्वोझ्देन खुर्चीतून उडाला. काठी नव्हती, खुबा नव्हता, वय नव्हतं. हवेत दोन्ही हात गेले आणि मग पायाखालची जमीन गेली. तो डाव्या कुशीवर धाडकन पडला.

सगळ्यात आधी त्याच्याजवळ पोचली ती सेंका. नुकताच गोल खाल्लेली गोलकीपर जाळीतला चेंडू तसाच टाकून मैदान तिरकं कापत आली होती. पंच शिट्टी फुंकत तिच्या मागे. तिनं हातमोजे काढून त्याच्या डोक्याखाली घातले.

"काका! त्या बाजूला पडायचं नसतं हो! किती वर्षं सांगतेय मी सगळ्यांना!"

"ते दोघे," ग्वोझ्देन धापा टाकत म्हणाला. "वरच्या रांगेतले. बसलेत की गेले?"

"तुमचा पाय बघू दे आधी."

"सेंका! बसलेत की गेले?"

सेंकानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला. तोवर दुन्याही येऊन पोचली होती आणि त्याचा हात धरून बसली होती.

"पुरुष उभा आहे," सेंका म्हणाली. "बाई खाली उतरतेय. ओलिवेरामावशीकडे चाललीय. हात पुढं केला. आता बसली तिच्या शेजारी."

"आणि ओलिवेरा?"

"कोटाची बटणं काढतेय."

ग्वोझ्देननं डोळे मिटले. वेदना होतीच, पण छातीवरचा धोंडा गेला होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला. गालांवरून पाणी कानात गेलं. त्यानं ते पुसलं नाही.

"वारा नव्हता तो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "बस नव्हती, खिडकी नव्हती. पडलो होतो मी. गोठलेल्या मैदानावर, एका फडतूस चेंडूमागे. गोलकीपरला पडून लागलं म्हणायची लाज वाटली."

दुन्यानं सेंकाकडे बघितलं. सेंकानं दुन्याकडे.

"माहीत आहे, काका," सेंका म्हणाली. "अख्ख्या गावाला माहीत आहे. चला, उठा आता. उजव्या कुशीवरून."